साळवे सिस्टरांच्या हातचं पाणी

साळवे सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एस.टी.च्या कंडक्टरशी वाद घालत होत्या. शिरूरहून आलेली गाडी न्हावऱ्याच्या थांब्यावर उभी होती. दारात पांढऱ्या साडीतली एक उंच, हाडापेरानं मोठी बाई एका पोत्याला धरून उभी होती आणि तिच्या मागं उतरायला खोळंबलेली माणसं नाकाला पदर-उपरणं लावून खोकत होती. पोत्यात विहिरीत टाकायची पांढरी पावडर होती. तिच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. पोतं टपावर टाकायला हवं होतं, असं कंडक्टरचं म्हणणं. टपावर उन्हानं पावडरीचा जोर जातो, असं सिस्टरचं.

"जोर गेल्यावर हिच्यात आन् चुन्यात काय फरक? मग विहिरीला चुना देऊ व्हय मी?" त्या म्हणाल्या.

मागून कुणीतरी हसलं. कंडक्टरही हसला आणि खाली उतरून त्यानं पोत्याला हात दिला. पोतं रस्त्याकडेला ठेवल्यावर सिस्टर त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, "बाळ, तुझा खोकला पावडरीचा न्हाई. जुना वाटतोय. दवाखान्यात येऊन जा."

बाळाच्या मिशा पांढऱ्या झालेल्या होत्या.

ते साल त्र्याहत्तर. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. मी नुकताच डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत लागलो होतो आणि न्हावऱ्याच्या पुढं माळावर चाललेल्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मला ओव्हरसियर म्हणून पाठवलं होतं. आसपासच्या गावांतली माणसं बिऱ्हाडासकट येऊन राहिली होती. बारदान, ताडपत्री आणि बाभळीच्या फांद्या यांची खोपटं उभी राहून माळावर एक वस्तीच झाली होती. पुरुष माती खणत, बायका पाट्या वाहत, म्हातारी माणसं बसल्या जागी खडी फोडत. पिण्याचं पाणी ओढ्यातल्या एका विहिरीचं. त्या विहिरीवर आणि त्या वस्तीवर लक्ष ठेवायला आरोग्य केंद्रानं साळवे सिस्टरना नेमलं होतं. त्या दिवशी त्यांचं पोतं माझ्या सायकलवर लादून आम्ही कामावर गेलो, आणि तेव्हापासून त्यांनी मला जी ‘ओव्हरसियर’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली, ती कायमची. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मला ओव्हरसियर म्हणत ते सोडलं, तर त्यांच्याकडे हाक मारायचे दोनच प्रकार होते. अगदी म्हातारा दिसला तर आबा किंवा मामा; बाकी सगळे बाळ. आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, तेही बाळच. फक्त चारचौघांत त्या त्यांना आठवणीनं डॉक्टर म्हणायच्या. हात धुतले की कपड्याला पुसत नसत. दोन्ही हात वर धरून वाऱ्यावर झटकायच्या, त्यामुळे त्यांच्याजवळ उभं राहणाऱ्याच्या तोंडावर शिंतोडे उडायचे आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. पदराच्या गाठीत वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे असायचे. पोराला सुई टोचताना ‘दुखणार नाही’ असं मी त्यांना कधी म्हणताना ऐकलं नाही. "दुखंल. रड मोठ्यानं, मी ऐकते," असं त्या सांगायच्या आणि पोरगं बावचळून रडायचंच विसरायचं.

स्वतःविषयी मात्र कमी बोलायच्या. त्या दौंडच्या, वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये कोळसा ओढून निवृत्त झालेले, घरात ते दोघंच, एवढं मला हळूहळू कळलं. वडिलांना त्या आप्पा म्हणत. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावून आप्पांनी लेकीला शाळेत घातलं होतं आणि नर्सिंग शिकायला पुण्याला पाठवलं होतं. तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले होते, पोरीची जात, परक्यांची घाण काढायला कशाला धाडता. आप्पा म्हणाले, घाण आपण पिढ्यान्‌पिढ्या काढलीच की; आता पगार घेऊन आणि टोपी घालून काढंल.

एकदा दुपारी बाभळीखाली भाकरी खाताना त्यांनी मला बंगालची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या बंगालातून माणसं जीव घेऊन सीमेच्या अलीकडे येत होती, तेव्हा पुण्याहून डॉक्टर-नर्सांची एक तुकडी तिकडच्या छावणीत गेली होती. साळवे सिस्टर आपण होऊन तिच्यात गेल्या होत्या.

"चिखलात माणसं पडलेली, ओव्हरसियर. वांत्या आन् जुलाब. सलाइनच्या बाटल्या यायच्या आन् बघता बघता संपायच्या. मग तिथले डॉक्टर म्हणाले, मीठ, साखर आन् सोडा पाण्यात कालवा आन् पाजा. आम्हाला वाटलं, काहीच नाही म्हणून काहीतरी करायला लावतायत. एक गोरा डॉक्टर होता दूरच्या देशातला, त्यालाही तसंच वाटलं. तो म्हणाला, आमच्याकडं आईच्या हातात असा पेला कुणी देणार नाही. लेकरू आत घेतात आन् आईला बाहेर बसवतात."

"मग?"

"मग काय. आया पाजत बसल्या. घोटघोट. ओकलं की जरा थांबायचं, पुन्हा पाजायचं. सकाळी पोरं उठून बसली. तो गोरासुद्धा मांडी घालून एका म्हाताऱ्याला पाजत बसला." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यांच्या देशात बाटली मिळती, म्हणून बाटली लावतात. आपल्यात मिळत न्हाई, म्हणून मरतात. ह्याच्या मधी काय असंल, हे कुणी बघितलंच नव्हतं."

मी ते एक परमुलखातलं नवल म्हणून ऐकलं आणि कामाला लागलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खडी फोडणाऱ्या एका तरुण जोडप्याच्या मुलीला जुलाब सुरू झाले. मुलगी तीन-चार वर्षांची. सिस्टर त्या दिवशी शिरूरला पावडर आणायला गेल्या होत्या. दौंडला एक डॉक्टर सलाइन लावतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून बापानं बैलगाडी मागून घेतली आणि भर उन्हात तिघं निघाली. चौफुल्याच्या अलीकडंच मुलगी गेली. दिवस कलताना गाडी परत आली तेव्हा सिस्टर वस्तीवर पोचल्या होत्या. त्या आईजवळ जाऊन बसल्या.  मातीचं सगळं उरकल्यावर त्यांनी बापाला हळूच विचारलं, "गाडीत पाणी होतं का रं?"

"व्हतं की. कळशी भरून व्हती," तो म्हणाला. "लई मागत व्हती. पन पानी पाजलं की जुलाब वाढत्यात म्हनत्यात. म्हनून दिलं न्हाई."

सिस्टरनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तुझं चुकलं असं त्याला त्या म्हणाल्या नाहीत, पुढंही कधी म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांच्या तोंडात एकच वाक्य बसलं. खोपटातून कुणी धावत आलं आणि काय झालं, कसं झालं सांगायला लागलं की त्या म्हणायच्या, "आधी पाज, मंग बोल." पुढंपुढं वस्तीतली पोरं खेळतानासुद्धा तसं म्हणायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी माणसं आडवी झाली. डॉक्टर जीपनं आले, तपासलं आणि बाजूला येऊन म्हणाले, ही पटकी आहे, कॉलरा. सिस्टरनी ओढ्यातली विहीर बंद करून तिच्या काठावर काटेरी फांद्या टाकल्या. मला म्हणाल्या, "ओव्हरसियर, तुमचं खणायचं काम आता माझ्यासाठी करा." वस्तीच्या खालच्या अंगाला चर खणून घेतले, माणसांना परसाकडला तिथंच बसायला लावलं, वर माती लोटायला लावली. हे सगळं होईतो पटकीचं नाव वस्तीभर झालं होतं आणि लोक गाठोडी बांधायला लागले होते. पलीकडच्या गावानं आपल्या वेशीवर माणसं उभी केली होती, कामावरचं कुणी आत येऊ नये म्हणून.

तालुक्याहून एक साहेब आले. ते वाईट माणूस नव्हते; घाबरलेले होते. ही माणसं पांगली तर पटकी शिरूरपासून वरवंडपर्यंत गावोगाव जाईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी जीपमधूनच विचारलं, "किती पोलीस पाठवू?"

"पोलीस नकोत, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "गूळ पाठवा. मीठ पाठवा. आन् चांगल्या पाण्याचा टँकर."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर म्हणतायत ते करून बघू. माझ्याजवळ बाटल्या थोड्या आहेत. ज्यांना गिळवत नाही त्यांना त्या लावतो. बाकीच्यांना पाजू."

साहेब गेले. तोवर पाच-सहा कुटुंबं डोक्यावर गाठोडी घेऊन गाडीवाटेला लागलीही होती. सिस्टर चालत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता भांडण होणार.

"जायचं तर जा," त्या म्हणाल्या. "मी अडवत न्हाई. एवढंच सांगा, वाटेत लेकराला लागलं तर काय कराल? कुठल्या गावात पाणी देतील तुम्हाला? हे मीठ आन् गूळ बांधून घ्या. पाण्यात कालवून पाजा. थांबवू नका."

त्या खरंच पुड्या बांधायला लागल्या. पुढं होती ती एक बाळंतीण, पोर काखेत. ती थोडा वेळ बघत राहिली.

"तुमी हितंच ऱ्हानार का?" तिनं विचारलं.

"हितंच. ओव्हरसियरच्या गोदामात पथारी टाकणार हाय."

बाईनं गाठोडं खाली ठेवलं. "मंग आमी तरी कुठं जावं," ती म्हणाली. तिच्या मागची माणसंही मग एकेक करून वळली.

सिमेंटच्या गोदामात सिस्टर पुढं महिनाभर राहिल्या. पहारा बसवून माणूस थांबत नाही, आपण इथं जगू असं वाटलं की थांबतो, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते मी त्या गाडीवाटेवर पाहिलं.

हरिबा आबा हे वस्तीतलं मानाचं माणूस. कधीकाळी मेंढरं राखत फिरलेलं घर, आता दोन पिढ्या शेतीवर. आबांच्या शब्दावर शे-दीडशे माणसं कामावर यायची आणि थांबायची. त्यांची सून सखू आजारी पडली. मुलगा पुण्याला कामासाठी गेलेला. सिस्टर तांब्या घेऊन त्यांच्या खोपटाशी गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. आबा दारात उभे राहिले.

"बाई, सुई टोचा. गोळी द्या. त्याला माजी ना न्हाई," ते अगदी नरमाईनं म्हणाले. "पन पानी तुमच्या हातचं नगं. राग मानू नका. आमच्यात चालत न्हाई."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्या नरमाईनं माझेच कान तापले. मी काही बोलणार, तेवढ्यात सिस्टरनी मला हातानं गप्प केलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग पाजणार कोण?"

आबांची बायको आत होती, थकलेली, हात कापणारी. सिस्टरनी आणलेला तांब्या तिथंच ओतून टाकला. खोपटापासून थोड्या अंतरावर खडीसाठी आणलेला एक धोंडा होता, त्यावर त्या जाऊन बसल्या. खोपटाकडे पाठ करून, म्हणजे आतल्या म्हातारीला अवघडल्यासारखं होऊ नये. आणि तिथून सांगायला लागल्या.

"आजी, तुमच्या तांब्यात तुमचंच पाणी घ्या. उकळून निवलेलं. घेतलं? आता मूठभर गूळ. फोडून टाका. मिठाची एक चिमूट. आता चाखून बघा. कसं लागतंय?"

"खारट लागतंय," आतून आवाज आला.

"डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट?"

म्हातारीनं पुन्हा चाखलं. "न्हाई. तेवढं न्हाई."

"मग ठीक. चमच्यानं पाजा. ओकली तरी घाबरू नका. जरा दम घ्या आन् पुन्हा पाजा."

दुपारभर त्या तशाच बसून होत्या. मधूनमधून विचारायच्या, आता किती प्याली, लघवी झाली का, डोळे उघडले का. उन्हानं माळ पेटला होता. मी छत्री घेऊन गेलो तर म्हणाल्या, "नको. छत्री उघडली की आजींना वाटंल मी निघाले."

दिवस मावळायच्या आत सखू खोपटाच्या मेढीला टेकून बसली आणि तिनं भाकरी मागितली. आबा बाहेर आले. सिस्टरपासून चार हात दूर उकिडवे बसले.

"काय व्हतं त्यात, बाई?"

"मीठ आन् गूळ. तुमच्या डोळ्यांदेखत घातलं की."

"येवढंच?" आबा विचारात पडले. "उन्हाळ्यात मेंढरं मलूल झाली की आमचा बा त्यास्नी मीठ चाटवायचा."

"मग हे तुमच्या घरचंच औषध हाय, आबा," सिस्टर म्हणाल्या आणि उठून हात झटकत गोदामाकडे गेल्या.

टँकर आला, पण सरकारी गूळ काही लवकर येईना. कागद शिरूरला अडकला होता की पुण्याला, कोण जाणे. तेव्हा हरिबा आबांनी स्वतः बैलगाडी जुंपली आणि भीमेपलीकडच्या ओळखीच्या गुऱ्हाळवाल्याकडून ढेपा भरून आणल्या. ‘वस्तीसाठी’ एवढंच ते म्हणाले. पण वाटेत तहान लागली तेव्हा ते कुठल्याशा डबक्याचं पाणी प्याले असावेत. गूळ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चराकडे फेऱ्या मारता मारता बांधावर खाली बसले आणि मग आडवेच झाले. बायको आणि सून टँकरच्या रांगेत, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला. मी हाक मारली, सिस्टर धावत आल्या.

आबांचे डोळे खोल गेले होते. चिमटीत धरलेली कातडी परत बसत नव्हती. पण शुद्ध होती. सिस्टरनी भरभर पाणी कालवलं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पेला ओठांपाशी नेला आणि तिथं थांबल्या.

मला कळेना, थांबल्या का.

"आबा," त्या म्हणाल्या, "मी साळवे. पाणी माझ्या हातचं हाय. पाजू, का कुणाला बोलावून घेऊ?"

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. माणूस मरणाच्या दारात असताना अशी विचारणा करायची असते, हे मला सुचलं नसतं. मी सरळ पाणी तोंडात ओतलं असतं.  मग आबांनी पेल्यासाठी तोंड उघडलं.

अर्धा पेला गेला असेल, तेवढ्यात सखू आणि तिच्यामागं वस्तीतली आणखी माणसं धावत आली. सिस्टरनी पेला चटकन सखूच्या हातात दिला आणि उभ्या राहिल्या. "पाज तू. मी नुसतं सांगत होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मी तोंड उघडणार होतो. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं.

आबा बचावले. चार-पाच दिवसांनी हिंडूफिरू लागल्यावर त्यांना भेटायला माणसं जमली होती. सिस्टर नेहमीच्या फेरीवर तिथं आल्या होत्या. कामावरचा मुकादम म्हणाला, "आबा, सून वेळेवर आली म्हून वाचलात."

"व्हय, सखूनं पाजलं," सिस्टर म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. "न्हाई. हिनं पाजलं," ते म्हणाले. "मी शुद्धीत व्हतो. मला इचारून पाजलं आन् मी पेलो."

 मुकादम चिलीम झाडायला लागला. आबा त्याच आवाजात पुढं म्हणाले, "बाई, तहान लागलीया. एक पेला द्या."

सिस्टर जागच्या हलेनात. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काय करावं हे सुचत नव्हतं असं मला दिसलं. मग त्यांनी आपल्या फिरकीच्या झाकणाच्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि दिलं. आबा ते सगळ्यांदेखत, घाई न करता प्याले.

त्यानं जग बदललं असं मी म्हणणार नाही. आबांच्या भावकीतले दोघं जण पुढं कितीतरी दिवस त्यांच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. आबा आपली भाकर घेऊन एकटे बांधावर बसायचे आणि त्यांना त्याचं फारसं दुःख झाल्याचं दिसलं नाही. पण वस्तीत त्यानंतर सिस्टरना कुठल्या खोपटाबाहेर धोंड्यावर बसावं लागलं नाही. साथ उतरली. गेलेली माणसं गेलीच. त्यांत ती मुलगी होती, दोन म्हातारी माणसं होती. आसपासच्या गावांत मात्र पटकी पोचली नाही.

पाऊसपाणी सुरू झाल्यावर काम थांबलं, माणसं आपापल्या गावाला गेली. माझी कचेरी शिरूरला हलली. एका रविवारी मी दौंडला सिस्टरच्या घरी गेलो. रेल्वे वसाहतीमागची दोन खोल्यांची जागा, दारात तुरीच्या काटक्यांचं कुंपण. आप्पा खाटेवर बसून होते. गाडीची शिटी वाजली की कुठलं इंजिन आहे ते ओळखून सांगायचे. सिस्टरनी मला जेवायला वाढलं. पुण्यातल्या आमच्या घरात तेव्हा जी शिवाशिव चालायची, तिला हे जेवण चाललं नसतं. मी पोटभर जेवलो आणि जेवता जेवता कौतुकानं म्हणालो, "सिस्टर, त्या दिवशी आबांनी तुम्हाला दाराबाहेर ठेवलं, तरी तुम्हाला राग आला नाही. मला तर आला."

त्यांनी हातातला वाढायचा चमचा खाली ठेवला.

"राग येत न्हाई असं वाटलं व्हय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की मला पुढं झुकावं लागलं. "पाठ करून बसले होते ना मी, ती आजींसाठीच न्हवती. माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून पण होती."



"बंगालात माझं आडनाव कुणाला कळत नव्हतं, ओव्हरसियर. साळवे म्हंजी काय, कोण, कुणालाच ठावं न्हाई. दिवसभर माणसं माझ्या हातचं पाणी प्यायची. भटजी होते त्यांच्यात, मास्तर होते, जमीनदार होते. म्हाताऱ्या माझ्या हनुवटीला हात लावून बोटं स्वतःच्या ओठाला लावायच्या. इतक्या लांब परक्या मुलखात जाऊन मला कळलं की माझ्या हातचं पाणी चालतं. घरी येऊन आप्पांना हे सांगताना मला रडू आलं."

खाटेवरून आप्पा म्हणाले, "मी म्हनलं तिला, मंग तिकडंच ऱ्हायचं की."

"तिकडं भाकर मिळत न्हाई. सारखा भात," सिस्टर म्हणाल्या आणि चमचा उचलून त्यांनी मला आणखी आमटी वाढली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

पुढं माझी बदली झाली, पुन्हा बदली झाली. सिस्टरची खबर अधूनमधून लागायची. कधी शिक्रापूरच्या बाजूला लसटोचणीला गेल्याचं, कधी नव्या नर्सांना शिकवायला पुण्याला बोलावल्याचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दौंडच्या फलाटावर. आंध्राच्या किनाऱ्यावर समुद्राचं मोठं वादळ येऊन गेलं होतं, त्या साली. मी कामानिमित्त दौंडला उतरलो होतो आणि पुण्याच्या गाडीची वाट पाहत होतो. समोरच्या फलाटावर सोलापूरकडे जाणारी गाडी उभी होती. तिच्या एका डब्याच्या खिडकीशी मला आप्पा दिसले, काठीवर रेलून आत काहीतरी सांगत असलेले. मी जिना चढून पलीकडे गेलो.

आप्पांनी मला ओळखलं. "निघाली पुन्यांदा," ते म्हणाले. "वादळात माणसं वाहून गेल्यात, विहिरी खाऱ्या झाल्यात म्हनं. आता तिथं पटकी येणार. हिला कुणी सांगितलं नव्हतं, हिनंच अर्ज केला." मग खिडकीकडे वळून त्यांनी बजावलं, "इंजिनाच्या अंगाला तोंड करून बसू नको गं. कोळशाचा कण डोळ्यात जातो."

पण सिस्टरचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. त्या आतल्या बाजूला वळून बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता. त्यांच्यासमोर सोलापूरची, तेलुगू बोलणारी एक विणकर बाई बसली होती, आणि तिच्या मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. सिस्टर ओंजळ तोंडाशी नेऊन प्यायची खूण करत होत्या आणि मुलीला विचारत होत्या, ह्याला तुमच्यात काय म्हणतात.

"नीळ्ळु तागु," मुलगी म्हणाली. म्हणजे, पाणी पी.

"निलु तागू," सिस्टर म्हणाल्या.

मुलगी हसली. तिनं मान हलवून पुन्हा सांगितलं, सावकाश, जीभ टाळ्याला लावून. सिस्टरनी पुढं झुकून तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा चुकलं. आता ती विणकर बाईही हसायला लागली आणि सिस्टर पण.

हाक मारायला मी हात वर केला, तेवढ्यात गाडी हलली. आप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि थांबले. मीही थांबलो. डबा पुढं सरकत होता. खिडकीच्या गजांमागं सिस्टर आमच्याकडे पाठ करून, त्या मुलीकडे पाहत, ते दोन शब्द परत परत म्हणत होत्या.